नवं सरकारी की नावाजलेलं खासगी?

नीटचा निकाल लागून प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायची वेळ आली की ओळखीतले पालक मला विचारतात, "डॉक्टर, लांबच्या जिल्ह्यातलं नवं सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल असं दिसतंय. पण घराजवळच्या खासगीचं नाव मोठं आहे. पैशांचं आम्ही बघू. पोराला संधी कुठे जास्त?"

मी सरकारी सांगतो, आणि फक्त पैसे वाचतील म्हणून सांगत नाही. एमबीबीएसला संधी म्हणजे पेशंट. चंद्रपूरचं सरकारी कॉलेज 2015 साली सुरू झालं, गोंदियाचं 2016 साली. 2024 मध्ये तर गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना धरून राज्यात एकदम 10 सरकारी कॉलेजं सुरू झाली. नाव व्हायला वेळ लागेल, पण ओपीडीतली गर्दी कॉलेजच्या आधीपासूनची आहे. पूर्व विदर्भात सर्पदंश, फवारणीतली विषबाधा, सिकलसेलचा दुखणाईत पोरगा, झटके येत असलेली गरोदर बाई, हे सगळं इंटर्नला, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी वर्षभर हॉस्पिटलात काम करणाऱ्या मुलाला, समोर दिसतं. शिवाय जिथे पीजीचे रेसिडेंट (एमबीबीएसनंतर पुढचं शिकत वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर) अजून आलेले नाहीत किंवा थोडे आहेत, तिथे टाके घालायला, डिलिव्हरी करायला इंटर्नलाच पुढे व्हावं लागतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलेजांत पेशंट अफाट, पण रेसिडेंटच्या दोन रांगांमागे एमबीबीएसचं पोर उभं असतं. हे मुंबईच्या मोहात पडलेल्यांना मी मुद्दाम सांगतो.

नव्या कॉलेजांत उणिवा आहेत. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, होस्टेल धड नसतं, पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवायला माणसं कमी पडतात. याचा त्रास मुलांना होतो आणि सरकारने तो दूर केलाच पाहिजे. तरी पुस्तकातलं राहिलेलं नंतर भरून काढता येतं, हाताची सवय तशी भरून निघत नाही. पुढे नीट-पीजीलाही रँक पाहतात, एमबीबीएसच्या कॉलेजचं नाव नाही.

आता "पैशांचं बघू" याबद्दल. सरकारी फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास. खासगीत 11 लाख धरले तरी साडेचार वर्षांचे जवळजवळ 50 लाख होतात. होस्टेल, मेस वेगळं. 50 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी 10 वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला साधारण 66 हजार बसतो, आणि शिकत असताना साठलेलं व्याज यात धरलेलंच नाही. हप्ते सहसा कोर्स संपल्यावर वर्षभरात सुरू होतात, म्हणजे पोर पीजीच्या तयारीत किंवा नुकतं रेसिडेंट झालेलं असतं तेव्हाच. मानसोपचार किंवा बालरोगाची मनापासून ओढ असलेली मुलं मग कमाईची ब्रांच शोधू लागतात. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करायचा विचार मागे पडतो. पालकांनी विकत घेतलेली संधी अशी पुढच्या दहा वर्षांच्या संधी खाऊन टाकते, आणि हे मला फार लागतं.

सरकारी कॉलेजच्या एक वर्षाच्या बाँडची, म्हणजे शिकून झाल्यावर वर्षभर सरकारी सेवा करायच्या अटीची, पालक उगाच धास्ती घेतात. त्या वर्षात पगार मिळतो आणि एकट्याने निर्णय घ्यायची सवय लागते.

एका बाबतीत मात्र हे गणित बदलतं. 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. ती खासगी कॉलेजात कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळालेल्या जागेलाही आहे. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना नाही. अशा घरातल्या मुलीने कॉलेजं फीवरून पाडूच नयेत, वॉर्ड पाहून निवडावीत. "मुलगी आहे, लांब नको" हे कारण तर मी ऐकूनच घेत नाही.

कॉलेज सरकारी असो की खासगी, फॉर्म भरण्याआधी एकदा तिथे जाऊन या. प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवा. सकाळी दहाला ओपीडीत उभे राहा, मेडिसिनच्या वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत ते पाहा. मग कॅन्टीनमध्ये एखादा इंटर्न गाठा आणि विचारा: गेल्या महिन्यात किती डिलिव्हरी स्वतः केल्या? कॅज्युअल्टीत रात्री पेशंटला पहिला हात कोण लावतं? शिकवायला सर वॉर्डात येतात का? खासगी कॉलेजातला इंटर्न यांची उत्तरं पटकन देऊ शकला, तुमच्यावर कर्ज होणार नसेल आणि सरकारी ठिकाणचा इंटर्न गप्प बसला, तर फॉर्ममध्ये खासगीला वरचा नंबर द्या.