दहाव्या प्रश्नाला मी खोटं लिहिलं

सिझर झालं तेव्हा जो तो टाक्यांचीच चौकशी करायचा. सुकले का, ओढ बसते का, खोकताना पोटाशी उशी धरतेस ना. इंदूरला रामबागेत माहेरी आले, तर आईने खोली मांडूनच ठेवलेली: शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. मालिशवाली बाई पोटाकडे बघून म्हणाली, "चलो, दर्द से तो बच गईं!" चौदा तास कळा सोसून मग सिझर झालं होतं. पण वाद घालायला अंगात जोर कुठे होता?

तिसऱ्या दिवसापासूनच रडू यायचं. सिस्टर म्हणाल्या, होतं असं, दोनेक आठवड्यांत ओसरतं. बहुतेकींचं ओसरतंच. माझं रडू थांबलं, पण मग काहीच वाटेनासं झालं. बाळ रडलं की मी आधी घड्याळ बघायची. 2:10. 3:25. ते झोपलं तरी मी जागी, श्वास चालू आहे ना म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरून. धड बाळंत होता आलं नाही, आता दूधही पुरत नाही, हेच डोक्यात. आत्या म्हणायची, "आमच्या वेळी नव्हते हो हे चोचले." तशी ती मायाळू. रोज सकाळी पोहे आणायची, आईची नजर चुकवून वर जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरायची. मला चवच लागायची नाही.

दीड महिन्याच्या लसीला गेलो, तेव्हा बाळाचं वजन करून डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "तुम्ही झोपता का?" मी नुसतीच बघत राहिले. त्यांनी मानसोपचाराची चिठ्ठी दिली. आई रिक्षात एक शब्द बोलली नाही.

तिथे एडिंबरो प्रश्नावलीचा, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा, हिंदी कागद मिळाला. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांतले. नऊ खरे लिहिले. दहावा, स्वतःला इजा करून घ्यायचा विचार आला का. दाराच्या फटीतून बाकावरची आई दिसत होती, मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. मी 'कभी नहीं'वर खूण केली. डॉक्टरांनी उत्तरांच्या गुणांची बेरीज केली, 17. मी म्हटलं, "कागद जरा परत द्या." खोडलं आणि 'कभी-कभी'वर खूण केली. 19.

ते दचकले नाहीत. काही ठरवलं होतं का, विचारलं. नव्हतं. आजपासून रात्री एकटीने झोपायचं नाही, म्हणाले. चिठ्ठीमागे 14416 लिहून दिला: टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. एकदा पहाटे लावलाही. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडूनही असं होतं, म्हणून रक्त तपासलं. थायरॉईड ठीक निघालं, हिमोग्लोबिन 9.1. लोहाच्या गोळ्या आणि सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. दुधात ते फार थोडं उतरतं, अंगावर पाजणं बंद करू नका, हे त्यांनी आईला आत बोलावून सांगितलं. नवरा पुण्याहून रजा काढून आला. पहाटेचं दूध वाटीचमच्याने तो पाजायचा. निम्मं सांडायचा.

पहिले पंधरा दिवस फक्त मळमळ. चौथ्या आठवड्यात सलग चार तास झोपले. गोळी अजून चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची आहे.

मध्यंतरी एका सकाळी आत्याला म्हटलं, "आज जिरावण जास्त पडलंय."

"नाही गं," ती म्हणाली, "रोजच्याइतकंच आहे."