फडकं पिळून दाखव, बाळ

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहा असं पत्र आलं तेव्हा बरंच लिहायचं मनात होतं. गॅदरिंग, खो-खोची ढाल, हेडसरांची छडी. लिहायला बसलो आणि शिशुवर्गाच्या बाईंपुढे गाडी सरकेचना. बाकीच्या गुरुजनांनी माफ करावं.

1968 साल. वडील गिरणीत, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, मी चार वर्षांचा. आपल्या शिशुवर्गात पाटी नव्हतीच. एकत्र केलेले तांदूळ-मूग निवडायचे, चिंचोके मोजायचे, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात न सांडता ओतायचं. ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम 1957 मध्ये कोसबाडला गेलं. ते बघायला बाई एका सुट्टीत जाऊन आल्या आणि येताना बोर्डीच्या किनाऱ्यावरचे पिशवीभर शिंपले घेऊन आल्या. समुद्र आपल्याकडेही होता म्हणा, पण ते शिंपले आम्हाला जास्त भारी वाटायचे.

एक दिवस आई तणतणत वर्गात आली. "बाई, शेजारचं पोर पाटीभर ग म भ न काढतंय. आमचा नुसते चिंचोके मोजतोय. मग फी कशाची घेता?"

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या बादलीत फडकं बुडवून माझ्या हातात दिलं. "पिळून दाखव, बाळ."

मी दोन्ही मुठी आवळल्या, दात-ओठ खाल्ले. फडक्यातून चार थेंब गळले, उरलेलं पाणी कोपरावरून चड्डीत.

"बघितलंत? या हातात पेन्सिल दिली तर नुसती दाबून धरेल, अक्षर काय काढणार? दिवाळीनंतर या."

आई काही बोलली नाही. पण घरी आल्यावर मोरीजवळचं पोतेरं पिळायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीनंतर बाईंनी जाडा खडू दिला आणि अख्खी फरशी मोकळी करून दिली. माझा पहिला 'ग' मोठ्या पाटाएवढा होता.

पुढे मी एक्स-रे टेक्निशियन झालो. परळच्या एका रुग्णालयात 34 वर्षं काढली. मनगटात आठ हाडं असतात, पण चार वर्षांच्या पोराच्या फिल्मवर त्यातली तीन-चारच दिसतात. बाकीची अजून कूर्चा, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ भाग, एक्स-रेत येतच नाहीत. शेवटचं वाटाण्याएवढं हाड दिसायला तर आठ-दहा वर्षं जातात. अशी फिल्म उजेडावर धरली की दर वेळी ते फडकं आठवायचं. बाईंनी फिल्म कुठे पाहिली होती?

आता नातू साडेतीन वर्षांचा. त्याच्या शाळेत चार रेघी वही आहे आणि रोज एक पान घरी लिहायचं. बोटं दुखतात म्हणून रडतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्याचा. मी ते सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, ते धोरण त्याच्या मिसना वाचून दाखवा." गेलो होतो. मिसनी पुढच्या आठवड्याचं वर्कशीट हातात दिलं.

शिशुवर्गाच्या खोलीत आता कॉम्प्युटर लॅब आहे असं कळलं. बादलीची जागा तेवढी बघून यायची आहे.

संपादकांनी मजकूर सुवाच्य अक्षरात मागवला होता. माझं अक्षर आजही कोंबडीच्या पायांसारखं आहे, म्हणून मोबाइलवर टाइप करून पाठवतोय. त्यात बाईंचा काही दोष नाही.