पुसलेला बिंदू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा म्हटल्यावर बक्षीससमारंभ, सहल वगैरे आठवायला हवं. मला आठवतो आलेखाचा एक कागद.

प्रयोग ओहमच्या नियमाचा: विद्युतदाब वाढेल त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो, म्हणून आलेख सरळ रेषेत यायला हवा. पाच बिंदू सरळ रेषेत आले, सहावा भलतीकडे. मी तो खोडरबराने पुसला आणि रेषेवर नवा मांडला. वही तपासताना सरांनी कागद उजेडाकडे धरला.

"बिंदू चुकला हे तुला कोणी सांगितलं?"

"नियमाने, सर."

"आणि नियम खरा आहे हे?"

"प्रयोगाने."

वर्ग हसला. मला हसू यायला बरीच वर्षं लागली.

पुढे कळलं की हा फेरा जुनाच आहे. धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण सगळे धूर पाहिले कोणी, असं चार्वाकांनी अनुमानवाद्यांना केव्हाच विचारलं होतं. युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून ढळू लागला, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनचा नियम सोडला नाही; न दिसलेला एक ग्रह गृहीत धरला. 1846 मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला, त्यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत! मग बुधाची कक्षा जुळेना. शतकात जेमतेम 43 विकलांचा फरक; विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. त्यांनी पुन्हा ग्रहच मानला, त्याला व्हल्कन हे नावही पडलं. तो कधीच सापडला नाही. 1915 मध्ये आइन्स्टाइन यांनी तो फरक समजावला, तो नवा ग्रह न आणता. बदलावा लागला तो गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच. माणूस तोच, युक्ती तीच. बिंदू पुसायचा की रेषा, हे आधी ओळखायचं कसं?

निरीक्षणाने खोटं ठरू शकतं तेच विज्ञान, हे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचं म्हणणं वाचायला सुटसुटीत वाटतं. मला त्यांच्या आधीचे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ दुएम जास्त पटतात: गृहीतक कधी एकटं परीक्षेला बसत नाही, उपकरणं आणि इतर गृहीतकं त्याच्या सोबतच बसतात. माझ्या सहाव्या बिंदूमागेही प्रवाह मोजणारा ॲमीटर होता, सैल जोडणी होती, तापल्यामुळे रोध बदललेली तार होती. ज्ञान खरं कसं ठरतं याच्या चर्चेने, म्हणजे ज्ञानमीमांसेने, ती तार थंड होत नाही, हे खरं. पण तारेकडे बघावं, हे मला त्या दोन प्रश्नांमुळेच सुचलं.

सरांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी प्रत्येक वाचनानंतर मी कळ काढून ठेवली, तार निवू दिली. सहावा बिंदू रेषेच्या बराच जवळ आला, रेषेवर मात्र नाही. मी तो तसाच ठेवला. सरांनी त्याच्याभोवती लाल शाईने गोल काढला आणि खाली सही केली.