फंक्शनची यादी अर्धवट का येत होती: दीड दिवसाचा अनुभव

जुनं सी प्लस प्लसचं काम अंगावर आलंय आणि एडिटरमध्ये फंक्शनची यादी अर्धीच दिसतेय? मग आधी बंद होणारा महिरपी कंस } कुठल्या रकान्यात, म्हणजे ओळीत डावीकडून कितव्या जागी आहे, ते बघा. मला हे कोणी सोमवारी सांगितलं असतं तर दीड दिवस वाचला असता. अजून चिडचिड होते.

आमचं ऑफिस अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत. क्लायंटचा सर्व्हर बंदिस्त, बाहेरचं काही टाकायला परवानगी नाही, म्हणजे लँग्वेज सर्व्हरचा (एडिटरला कोड समजावून देणारा वेगळा प्रोग्रॅम) विषयच संपला. हाताशी विम हा एडिटर आणि कोडमधल्या फंक्शनची यादी काढणारं एक्झुबरंट सीटॅग्ज 5.8, म्हणजे 2009 चं. ती यादी असलेली टॅग्ज फाइल दोन मिनिटांत तयार झाली.

आणि मग एका फोल्डरमधल्या फायली बघते तर प्रत्येकीत पहिलंच फंक्शन यादीत, बाकीची गायब. शेजारच्या फोल्डरचं सगळं व्यवस्थित! एरर नाही, वॉर्निंग नाही. टॅग्ज फाइल पुसून पुन्हा बनवली. एक्स्टेन्शन तपासलं. टॅबच्या जागी स्पेस करून पाहिल्या. भाषा सक्तीने सी प्लस प्लस सांगून पाहिली. विममध्ये दोन चौकटी कंस दाबून फंक्शनच्या सुरुवातीला जायला गेले, तर कर्सर थेट फाइलच्या टोकाला. तेव्हाच खरं तर खूण पटायला हवी होती, कारण ती कमांड पहिल्या रकान्यातला उघडणारा महिरपी कंसच शोधते. आमच्याकडे तो कंस फंक्शनच्या नावाच्याच ओळीत, शेवटी. पण मी ते विमचं काहीतरी वेगळं म्हणून सोडून दिलं. रात्री साडेनऊला अंधेरीहून बोरिवली लोकल पकडली तेव्हाही डोक्यात तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या टीममधल्या मॅडम सहज थांबल्या. वीस वर्षं सीमध्ये काढलेली बाई. म्हणाल्या, "अगं, व्हर्बोज लावून चालव ना." म्हणजे सीटॅग्ज काय करतोय ते सविस्तर सांगणारा पर्याय. लावलं. त्याच फोल्डरच्या फायलींपुढे संदेश आला: कंस जुळवायच्या पर्यायी पद्धतीने फाइल पुन्हा वाचतोय.

भानगड अशी. त्या फायलींमध्ये कोणीतरी हॅश-इफच्या (#if, अटीनुसार कोडचा भाग घेणारी किंवा वगळणारी सूचना) एका फांदीत कंस उघडून दुसऱ्याच अटीखाली बंद केले होते. सीटॅग्ज आधी कंस मोजत जातो; अशा वाकड्या जोड्यांनी हिशेब चुकला की पर्यायी पद्धतीवर येतो. त्यात पहिल्या रकान्यातला बंद कंस म्हणजे ब्लॉक संपला, असं तो धरतो. आमचा सगळा कोड नेमस्पेसच्या, म्हणजे नावांचा गट करणाऱ्या बाहेरच्या ब्लॉकच्या, आत चार स्पेस सरकवलेला. पहिल्या रकान्यात बंद होणारा एकच कंस, तो नेमस्पेसचा. म्हणजे पहिलं फंक्शन सुरू झालं ते थेट फाइल संपेपर्यंत, बाकीची त्याच्या पोटात! शेजारच्या फोल्डरमध्येही इंडेंटेशन हेच, पण हॅश-इफ सरळ होते, म्हणून तिथे काही बिघडलं नाही.

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग नियमांत फंक्शनचं नाव आणि उघडणारा कंस पहिल्या रकान्यात ठेवा असं म्हटलंय, ते मला जुन्या लोकांची सवय वाटायची. तसं नाही. फंक्शन कुठे सुरू होतं हे काही हत्यारांना त्यावरूनच कळतं. ईटॅग्ज, म्हणजे ईमॅक्स एडिटरचं असंच हत्यार, तेही पहिल्या रकान्यातला बंद कंस फंक्शनचा शेवटचा मानतं. हे गृहीतक मोठ्या आय पर्यायाने (-I) बंद करता येतं. ईमॅक्सवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

मी आधी हॅश-इफ सरळ केले, प्रत्येक फांदीत पूर्ण जोडी. तेवढ्याने यादी भरली. मग नेमस्पेसच्या आतलं इंडेंटेशन काढलं, पण वेगळ्या कमिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एकत्र नोंदवलेला बदल). लॉजिक आणि स्पेस एकाच कमिटमध्ये घालू नका, रिव्ह्यू करणाऱ्याचा जीव जातो. ब्लेम, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी यादी, बिघडेल म्हणून कोणी अडवलं तर गिट 2.23 पासून ठरावीक कमिट ब्लेममधून वगळता येतात, हे दाखवा.

हो, एक राहिलंच. गिट डिफच्या, म्हणजे काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीच्या, प्रत्येक तुकड्यावर जे फंक्शनचं नाव येतं, तेही काही वेगळं ठरवलेलं नसेल तर पहिल्या रकान्यात अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीवरूनच घेतलेलं असतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं तिथे नेमस्पेसचं नाव येत होतं. आता फंक्शनचं येतं, आणि दर रिव्ह्यूला ते बघून मला बरं वाटतं.