जुनी सेव्ह, नवा कन्सोल

'रेड डेड रिडेम्प्शन' हा व्हिडिओ गेम मी २०११ मध्ये अर्ध्यात सोडला होता. परीक्षा आल्या, मग नोकरी, आणि माझा गेम खेळायचा कन्सोल, एक्सबॉक्स ३६०, कपाटावर गेला तो गेलाच. गेल्या महिन्यात नवा एक्सबॉक्स, सिरीज एक्स, घेतला, तेव्हा सगळ्यात आधी शोधली ती हीच डिस्क.

डिस्क आत सरकवताच नव्या कन्सोलने ती ओळखली आणि डाउनलोड सुरू झालं. मला वाटलं होतं, गेम डिस्कवरूनच चालेल. तसं नसतं. ३६०चा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा, नव्याचा एक्स८६. एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्याला समजत नाही. म्हणून नवा कन्सोल सॉफ्टवेअरच्या जोरावर आपल्या पोटात एक ३६० उभा करतो आणि त्यासाठी बांधलेली गेमची प्रत इंटरनेटवरून उतरवतो. डिस्क ही फक्त किल्ली, पण खेळताना ती ड्राइव्हमध्ये असावीच लागते. याच पिढीतल्या सिरीज एस कन्सोलला ड्राइव्हच नाही, त्यामुळे तिथे डिजिटल प्रतच हवी.

गेम चालू झाला, पण अगदी पहिल्यापासून. मला माझा अर्धवट राहिलेला प्रवास हवा होता.

मग ३६० खाली काढला, धूळ पुसली, टीव्हीला जोडला. साइन इन काही होईना. पासवर्ड बरोबर असूनही चार वेळा नाकारला गेला. शेवटी लक्षात आलं, मधल्या वर्षांत मी खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली होती आणि इतक्या जुन्या यंत्राला ती येत नाही. खात्याच्या सुरक्षा पानावरून त्याच्यासाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागला. कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत तो टाकला. मग स्टोरेजमध्ये जाऊन क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, सुरू केलं आणि सेव्ह, म्हणजे तिथवरच्या खेळाची जपलेली नोंद, तिकडे कॉपी केली. दोन्ही कन्सोलवर खातं एकच हवं, हे विसरू नका.

नव्या कन्सोलवर पुन्हा गेम उघडला आणि सेव्ह दिसली. लोड केली. गेमचा नायक मार्स्टन माळावर उभा. बोट आपोआप कंट्रोलरवरच्या डी-पॅडच्या, म्हणजे चार दिशांच्या बटणांपैकी, वरच्या बटणावर गेलं, शिट्टी वाजली आणि घोडा धावत आला. बटणं हातांना पाठ होती, मला नव्हती.

मूळ गेमचं चित्र ७२०पी रिझोल्यूशनचं. इथे तो ४के मध्ये, म्हणजे नऊपट पिक्सेलांनी उमटतो. चित्रं तीच आहेत, कुणी नव्याने रंगवलेली नाहीत. पण पूर्वी दूरची पायवाट मातकट फराट्यासारखी दिसायची, आता तिच्यावरचे खडे दिसतात. डोंगराच्या कडेवरची झुडपं वेगवेगळी ओळखू येतात. त्या कलाकारांनी एवढं सगळं तेव्हाच करून ठेवलं होतं, माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं! लोडिंगही झटपट होतं, त्यामुळे एखादी मोहीम फसली की चिडचिड न होता पुन्हा करावीशी वाटते. रिमेकपेक्षा मला हे जास्त आवडतं. गेम तोच राहतो.

दुसरी डिस्क रेसिंगची होती. ती चालली नाही. नव्या कन्सोलवर चालणाऱ्या जुन्या गेमच्या यादीत ३६०चे सहाशेहून अधिक गेम आहेत, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये ७६ गेमची शेवटची भर घालून ती थांबली. परवाने, कायदेशीर बाबी आणि तांत्रिक मर्यादा ही कारणं तेव्हाच सांगितली गेली होती.

म्हणून ३६० परत कपाटावर ठेवलेला नाही. तो आता टीव्हीखाली, नव्याच्या शेजारी आहे.