एका वेतनवाढीचे अंतर

२०१९ च्या सुरुवातीला राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाला आणि आमच्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागात प्राथमिक शिक्षकांच्या वेतननिश्चितीचे काम माझ्याकडे आले. १ जानेवारी २०१६ रोजीचे ग्रेड पेसह (पदानुसार ठरलेल्या रकमेसह) मूळ वेतन घ्यायचे, त्याला २.५७ ने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेइतका किंवा तिच्या लगतचा वरचा टप्पा वेतनमॅट्रिक्समध्ये, म्हणजे नव्या वेतनाच्या टप्प्यांच्या तक्त्यात, शोधायचा, असे ते काम. पगार प्रत्येकाचाच वाढणार होता, त्यामुळे विवरणपत्रांवर सह्या घेण्याचा दिवस आनंदात जाईल, असे मी धरून चाललो होतो.

दुपारी एकाच शाळेतील दोन गुरुजी आले. भरती एक, शिक्षणसेवक म्हणून (म्हणजे नियमित होण्याआधी मानधनावर) रुजू होण्याचे साल एक, आणि स्नेहही जुना. एकाच्या कागदावर ३९,२०० रुपये होते, दुसऱ्याच्या ३८,१००. दुसऱ्या गुरुजींनी आधी स्वतःचा आकडा वाचला आणि समाधानाने मान हलवली. मग सहज म्हणून त्यांनी मित्राच्या कागदाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘भाऊसाहेब, माझं काहीतरी चुकलंय, बघा. आम्ही दोघं एकाच भरतीतले.’

मी दोन्ही सेवापुस्तके काढली. एक गुरुजी ३० डिसेंबर २००६ रोजी नियमित वेतनश्रेणीत आले होते, दुसरे ४ जानेवारी २००७ रोजी. सहाव्या वेतन आयोगाच्या नियमांत वेतनवाढ सर्वांना १ जुलैलाच मिळे आणि त्यासाठी त्या तारखेपर्यंत सहा महिन्यांची सेवा पूर्ण व्हावी लागे. पाच दिवसांच्या फरकामुळे या दुसऱ्या गुरुजींची पहिली वेतनवाढ २००८ च्या जुलैवर गेली, आणि ती एक वेतनवाढ तेव्हापासून मागेच राहिली. गणितात चूक नव्हती.

मग मी त्यांच्यासमोर जुना हिशेब मांडला. मूळ वेतन त्यांचे १४,४५० आणि मित्राचे १४,८९० होते. फरक ४४० रुपयांचा, नव्या वेतनात मिसळलेला १२५ टक्के महागाई भत्ता धरला तर ९९० रुपयांचा. म्हणजे आजचे अकराशेचे अंतर नवे नव्हतेच. जवळजवळ तेवढेच अंतर कित्येक वर्षे होते आणि त्या काळात या गृहस्थांची झोप त्याने कधी उडवली नव्हती, कारण पगार ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जमा होई आणि दोन आकडे शेजारी कधी येत नसत. त्यांचे स्वतःचे वेतन मात्र महागाई भत्त्यासह ३२,५१२ वरून ३८,१०० झाले होते. साडेपाच हजारांची ही वाढ त्यांनी ऐकली, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचली असे मला वाटले नाही.

मला अधिक विचारात पाडले ते पहिल्या गुरुजींनी. त्यांना पुढे असल्याचा आनंद मुळीच झाला नव्हता. ते अवघडून ‘जाऊ द्या हो, हजार-अकराशेचं काय एवढं’ म्हणत राहिले आणि त्या बोलण्याने मित्र अधिकच दुखावला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवरचे एक संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात हेच आढळले होते: सहकाऱ्यांचे पगार पाहता येतील असे कळवल्यावर आपल्या विभागात मध्यापेक्षा कमी पगार असणाऱ्यांचे समाधान घटले, पण जास्त पगार असणाऱ्यांचे वाढले नाही. एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले नाही. माणूस स्वतःला तोलतो तेही आपल्यासारख्याच माणसाशी, असे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते. गटशिक्षणाधिकाऱ्यांचा पगार कितीतरी अधिक असूनही त्याची सल या गुरुजींना कधी नव्हती.

त्यांना मत्सरी म्हणायला मी तयार नाही. पाच दिवसांसाठी सबंध सेवेत एक वेतनवाढ मागे राहणे हे नियमात बसत असले तरी न्याय्य नाही, आणि त्यांनी लिहून दिलेला अर्ज मी माझ्या अभिप्रायासह वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला. मात्र त्या दिवसानंतर मी विवरणपत्रे एकेकाला बोलावून दाखवू लागलो आणि ज्याचे त्याचे जुने व नवे वेतन आधी समजावून सांगू लागलो. आपल्याला काय मिळाले हे माणसाला आधी नीट कळावे, शेजारच्याचा आकडा त्याला नंतर कळणारच असतो.

सही करताना गुरुजींनी विचारले, ‘म्हणजे हा फरक आता राहणारच ना?’ नियम बदलला नाही तर निवृत्तीपर्यंत राहील, असे मी त्यांना खरे तेच सांगितले.