डेझीत फक्त कागदी नकाशा: समोच्चरेषांच्या सरावाची नोंद

मंडळी, डेझी (DayZ) या सर्व्हायव्हल गेममधल्या चेर्नारस या प्रदेशात फिरताना दुसऱ्या स्क्रीनवर ऑनलाइन नकाशा उघडणं आता पूर्ण बंद केलंय. खेळात सापडलेला कागदी नकाशा, त्यावरच्या समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आणि होकायंत्र, बस्स. सर्व्हरही असाच निवडलाय, जिथे नकाशावर आपली जागा दिसत नाही.

या सरावाला चेर्नारसइतकी चांगली जमीन मला दुसऱ्या कुठल्या सर्व्हायव्हल गेममध्ये मिळालेली नाही. 2009 च्या आर्मा 2 या गेमसाठी बोहेमिया इंटरॅक्टिव्हने ती बनवली, तेव्हा चेक प्रजासत्ताकातल्या उस्ती नाद लाबेम भागातला खरा भूप्रदेश आधाराला घेतला होता. क्षेत्र सुमारे 225 चौरस किलोमीटर. त्यामुळे इथल्या डोंगरांना सोंडा फुटतात, दोन माथ्यांमध्ये खिंड सापडते, घळी खाली जाऊन एकमेकींना मिळतात. नुसते उंचवटे ठेवून रचलेल्या जगात रेषा वाचून हाती फारसं काही लागत नाही.

सध्याची सगळ्यात मोठी प्रगती म्हणजे सोंड आणि घळ यांतला फरक आता बघताक्षणी कळतो. रेषांचं टोक उंचीकडे घुसलं असेल तर घळ, उताराकडे आलं असेल तर सोंड. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे सवयीचं असेल, पण एक फरक ध्यानात ठेवा. आपल्याकडे कातळकड्यापाशी रेषा एकमेकींना चिकटतात आणि वर पठार आलं की एकदम सुटतात. चेर्नारसचे डोंगर गोलसर आहेत, रेषा हळूहळू दाटतात. तिथे नेमका माथा ओळखायला जास्त बारकाईने बघावं लागतं.

नकाशा उघडला की हात अडकतात आणि आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून चालताना तो सारखा बघता येत नाही. मी निघण्यापूर्वी वाटेचा क्रम तोंडपाठ करतो: ‘उतार, घळ ओलांड, उजवीकडे चढ, खिंड, मग लांब उतार.’ धुक्यात किंवा रात्री खुणा दिसत नसल्या तरी चढ लागला की उतार, हे कळतंच. उतार संपायला हवा होता आणि संपत नाहीये, म्हणजे लगेच थांबून दिशा तपासायची.

चेर्नारसमधल्या दोलिना गावाहून सोल्निचनी गावाला रस्ता सोडून जाताना ओरिएंटिअरिंगवाल्यांची (नकाशा-होकायंत्रावर वाट शोधत धावण्याचा खेळ खेळणाऱ्यांची) एक युक्ती वापरली. सोल्निचनी जवळपास पूर्वेला, समुद्रकाठी आहे. होकायंत्र थेट गावावर लावलं आणि चाल थोडी चुकली, तर किनारी रस्त्यावर पोहोचल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे ठरवता येत नाही. म्हणून मुद्दाम थोडी उत्तरेकडची दिशा धरली. समोर समुद्र आणि पायाखाली रस्ता आला की उजवीकडे वळायचं, शंका उरतच नाही.

धारेवरून चालणं मात्र टाळतो. माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस लांबून उठून दिसतो. शिवाय खेळात उंचीबरोबर गारवाही वाढतो. कपडे ओले असतील तर तो फार भोवतो. धारेच्या जरा खालून, तिला समांतर, एकाच रेषेवर राहून चाललं की दिशाही आपोआप टिकते.

जोडीला 2012 चा मियाझ्माटा पुन्हा लावलाय. नकाशाचा खरा अभ्यास करायचा असेल त्याने हा गेम खेळलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ओळखीच्या दोन खुणा नजरेत आल्या की त्यांवरून रेषा मारून आपली जागा काढायची. अनोळखी खूण दोन ठिकाणांहून बघितली की ती नकाशावर बसते. दिसेल तेवढाच नकाशा भरतो, म्हणून पुढचा थांबा कुठून काय दिसेल हे बघूनच निवडावा लागतो. आणि तीव्र उतारावर वेग आवरला नाही तर माणूस गडगडत खाली जातो. तिथे जवळची वाट सोडून सौम्य उतार शोधणं हाच शहाणपणा!

पुढचा टप्पा डेझीतलाच दुसरा प्रदेश, लिव्होनिया. पोलंडच्या धर्तीवरचा हा भाग 163 चौरस किलोमीटरचा, चेर्नारसच्या मानाने सपाट, भरपूर जंगल आणि मधून नदी. रेषांचा आधार कमी म्हणून तिथे नदीची वळणं आणि रानाच्या कडा धरून चालायचा विचार आहे. कुणी सपाट रानात पावलं मोजून अंतर ठरवत असेल, तर धावताना आणि चालताना वेगवेगळा हिशेब ठेवता का, ते जरूर सांगा.